टाकीतलं पाणी पुढे कुठे जातं?

गटार नसलेल्या गावात किंवा शेतावर घर उभं राहतं, तेव्हा संडासाचा प्रश्न बहुधा गवंडीच सोडवतो: सेप्टिक टँक बांधायचा, आणि जेवढा मोठा तेवढा चांगला. या हिशेबात एक गोष्ट सुटते. टाकीत जड मैला तळाशी बसतो, त्यातला काही भाग जिवाणू कुजवतात, पण बाहेर पडणारं पाणी रोगजंतूंनी भरलेलंच असतं. ते मुरवायला पुढे शोषखड्डा हवा. तो टाळून पाइप ओढ्यात सोडला, की टाकी असून नसल्यासारखीच. मोठी टाकी उशिरा भरते, एवढंच. भरायची चुकत नाही. मग सक्शन गाडी शोधा, कारण माणसाला संरक्षणाशिवाय आत उतरवणं 2013च्या कायद्यानं गुन्हा आहे. आतल्या वायूंनी माणसं मरतात, हे तर कायद्याआधीपासूनचं सत्य.

म्हणून जमीन साथ देत असेल तर टाकीऐवजी दोन शोषखड्ड्यांचा संडास अधिक शहाणपणाचा. पाच-सहा माणसांच्या घराला मीटरभर रुंदीचा आणि जेमतेम तेवढ्याच खोलीचा खड्डा साधारण तीन वर्षं पुरतो. भिंतीत फटी ठेवायच्या, तळ कच्चाच. एक भरला की दोन्ही खड्ड्यांना जोडणाऱ्या चेंबरमधून प्रवाह दुसऱ्यात वळवायचा. पहिला दोनेक वर्षं बंद राहिला की आत सुकं, वास नसलेलं खत उरतं. न्हाणीचं पाणी मात्र यात सोडू नये. ‘मैल्याला हात कोण लावणार?’ हा आक्षेप नेहमीचा. फेब्रुवारी 2017मध्ये केंद्रातले स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत अशाच खड्ड्यात स्वतः उतरून खत उपसून आले, ते ही किळस घालवण्यासाठीच.

जमिनीचा आक्षेप याहून वजनदार आहे आणि तो मान्यच करायला हवा. चिकट काळ्या मातीत पाणी मुरत नाही. कोकणात पावसाळ्यात भूजल वर येतं आणि कातळाच्या भेगांतून घाण थेट विहिरीत पोचू शकते. अशा ठिकाणी टाकीच बरी, पण तिचं पाणी उंचवट्यावर वाळू-खडीच्या थरांतून गाळून, कर्दळीसारख्या झाडांना देऊन. निर्णयाआधी एक खड्डा खणून त्यात पाणी भरावं आणि किती वेळात उतरतं ते पाहावं. विहिरीची पातळी मे महिन्यातली नको, ऑगस्टमधली विचारावी. शोषखड्डा आणि विहीर यांच्यात निदान दहा-पंधरा मीटर ठेवावेत, आणि ते मोजताना शेजाऱ्याची विहीरही धरावी.