पशुवैद्याच्या दप्तरातील विद्यार्थी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पशुवैद्याची तपासणी चालू असताना तिची नोंद लिहून घेणारा लेखनिक, ज्याला अमेरिकेत व्हेटरिनरी स्क्राइब म्हणतात, तो तिकडच्या हायस्कुलातील मुलामुलींतून तयार करण्याचा विषय निघाला, की तेथे स्थायिक झालेल्या मराठी पालकांकडूनही एकच उद्गार वारंवार कानी पडतो: ‘त्यात शिकवायचे काय? ज्याची बोटे झरझर चालतात त्याला बसवा!’ हे बोल ज्या सहजतेने उच्चारले जातात, ती मला असह्य होते. कारण ऐकलेले आणि पाहिलेले यांतला भेद न जाणणारा लेखनिक जितका चपळ, तितका त्याच्या हातून मुक्या रुग्णाच्या दप्तरात होणारा घोळ मोठा.

लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रुग्णाच्या समस्यांना केंद्रस्थानी ठेवून नोंदी रचण्याची जी पद्धत विशद केली, तिच्यातून रूढ झालेला ‘सोप’ हा चार भागांचा साचा आज पशुचिकित्सेतही चालतो: प्रथम मालकाची कैफियत, मग तपासणीत प्रत्यक्ष आढळलेले, त्यानंतर पशुवैद्याचे अनुमान आणि अखेरीस उपचारांची तजवीज. हे चार भाग एकमेकांत मिसळू न देणे, हेच या शिक्षणाचे सार होय. मालक म्हणतो, ‘कुत्रा उलट्या करतो’. पशुवैद्य विचारतो, पोट आवळून जोराने बाहेर येते, की खाल्लेले काहीही जोर न लागता अलगद बाहेर पडते? दुसरा प्रकार असेल तर संशय बहुधा अन्ननलिकेवर जातो, आणि म्हणून ‘उलटी’ एवढेच टिपून पुढचे उत्तर गाळणारा लेखनिक निदानाचा धागाच तोडून टाकतो. कुत्र्याचे तापमान १०१.५ अंश फॅरनहाइट भरले, तर माणसांच्या मापाने विचार करणारा विद्यार्थी स्वतःहून ‘ताप’ लिहून मोकळा होईल. वस्तुतः कुत्र्याचे स्वाभाविक तापमान सुमारे १०० ते १०२.५ अंश असते, आणि अनुमान लिहवण्याचा अधिकार सर्वस्वी पशुवैद्याचा असतो.

वजनाची गोष्ट तर याहून गंभीर आहे. अमेरिकेत मालक वजन पौंडांत सांगतो, औषधाची मात्रा मात्र बहुधा किलोमागे मिलिग्रॅम अशी ठरते; २२ पौंडांचा, म्हणजे १० किलोंचा कुत्रा दप्तरात २२ किलोंचा झाला, तर किलोमागे १० मिलिग्रॅमच्या हिशेबाने १०० ऐवजी २२० मिलिग्रॅम औषध त्याच्या पोटात जाईल. मात्रेतली अशीच चूक टाळण्यासाठी शिक्षक दशांशचिन्हापूर्वीचे शून्य लिहायला लावतात आणि पूर्णांकानंतरचे निरर्थक शून्य खोडायला लावतात, कारण ‘५.०’ मधले टिंब पुसट उमटले की वाचणाऱ्याला पन्नास दिसतात. आता सांगा, हे केवळ बोटांच्या चपळाईने साधते काय?

‘आता यंत्रच ऐकून लिहिते’ ही दुसरी समजूत. यंत्र लिहिते हे खरे. परंतु ‘पाय डावा की उजवा?’ असे पशुवैद्याला तिथल्या तिथे विचारून नोंद निःसंदिग्ध करून घेणाऱ्या, मागचा पाय लंगडताना स्वतः पाहिलेल्या माणसाची जागा ते घेऊ शकत नाही.

मुले रोगनिदान करू लागतील, ही भीती निराधार आहे: मसुदा विद्यार्थ्याचा असला, तरी तो वाचून मान्य करण्याची जबाबदारी पशुवैद्याची. हे शिक्षण घेतले म्हणजे व्हेटरिनरी टेक्निशियन होता येते, हेही चूक. त्यासाठी सामान्यतः मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि व्हीटीएनई ही राष्ट्रीय परीक्षा असते. जनावरांच्या नोंदींना गुप्तता कसली, असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की रुग्णांच्या माहितीची गोपनीयता राखणारा १९९६ चा हिपा कायदा मनुष्यरुग्णांपुरता असला, तरी अमेरिकन पशुवैद्यक संघटनेची नीतितत्त्वे आणि अनेक राज्यांचे कायदे या दप्तरालाही गोपनीय मानतात. सबब शेजाऱ्याच्या मांजराला काय झाले, हे विद्यार्थ्याने घरीही सांगावयाचे नसते.