गव्हाण लहान केली, पण भुकेचे काय?



ऊस, कारखाना, पाणी आणि पेमेंट सोडून या पानावर आज थोडा निराळा विषय घेतला आहे. वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल हल्ली गावोगाव विचारणा होऊ लागली आहे. पूर्वी ही मुंबईतल्या पैसेवाल्यांची गोष्ट समजली जाई. सप्टेंबर २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली. त्या वेळी ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते आणि चांगल्या खाण्याची आवड असलेला माणूस म्हणून सर्वांना माहीत होते. त्यानंतर घराघरात या शस्त्रक्रियेचे नाव पोचले. आता नाशिक, पुणे, इंदूर येथेही ती होते. मधुमेह, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे या व्याधींनी जेरीस आलेला जाडा माणूस या वाटेला गेला तर त्याला हसण्याचे कारण नाही. मात्र जाण्यापूर्वी जो तो एकच प्रश्न विचारतो. भूक लागेल का? आणि लागली तर काय करायचे?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजायचे तर आत काय केले जाते ते आधी पाहू.

आपले जठर म्हणजे शरीराच्या कारखान्याची गव्हाण. भरले म्हणजे त्यात साधारण एक ते दीड लिटर मावते. 'स्लीव्ह' नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्तच, कापून काढतात व केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. केळ्याचा आकार आपल्या तालुक्याला समजावून सांगायला नको! दुसऱ्या प्रकाराला 'बायपास' म्हणतात. त्यात जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. गव्हाण तर लहान होतेच, शिवाय अन्न आतड्याचा काही भाग चुकवून पुढे जाते. म्हणजे आवक घटली आणि वर उताराही घटला. ही शस्त्रक्रिया अमेरिकेत १९६६ साली डॉ. एडवर्ड मेसन यांनी सुरू केली. आता ती दुर्बिणीतून, लहान छिद्रांतून होते.

भूक केवळ पोट रिकामे झाल्याने लागते अशी आपली समजूत असते. वास्तविक जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचा एक रस तयार होतो व तो रक्तावाटे मेंदूला 'जेवायची वेळ झाली' असा निरोप देतो. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली तो शोधून काढला. स्लीव्हमध्ये नेमका हाच भाग बव्हंशी निघून जातो, आणि जेवणानंतर 'पुरे झाले' सांगणारे आतड्यातले रस दोन्ही शस्त्रक्रियांनंतर वाढतात. म्हणून पहिले काही महिने कित्येकांना भूक जवळजवळ लागतच नाही. जेवणाची आठवण करून द्यावी लागते. घरच्यांना वाटते, झाले, सुटलो एकदाचे!

पण इथेच गाफील राहू नये. साधारण वर्षभराने, कुणाची थोडी आधी तर कुणाची नंतर, भूक हळूहळू परत येते. शस्त्रक्रिया बिघडली असा त्याचा अर्थ नाही, शरीर नव्या व्यवस्थेला सरावते इतकेच. तोपर्यंत ज्याने खाण्याची नवी सवय लावून घेतली त्याला त्रास कमी. ज्याने भूक नाही म्हणून ते दिवस नुसते काढले, त्याची मात्र पंचाईत होते.

शिवाय एक भूक अशी की ती कापून काढता येत नाही. ती डोक्यातली भूक. चहाची वेळ झाली की तोंड चालू व्हावेसे वाटते, शेवभाजीचा वास आला की पोट भरलेले असूनही हात पुढे जातो, वसुलीची नोटीस आली की मन बशीकडे धावते. पोटाची भूक हळूहळू वाढते व वरण-भाकरीनेही भागते. डोक्यातली भूक एकदम येते आणि तिला ठराविक पदार्थच हवा असतो. ओळखायची सोपी खूण अशी की भूक लागली असे वाटताच आधी अर्धा पेला पाणी घोट घोट प्यावे व दहा-पंधरा मिनिटे थांबावे. पुष्कळदा ती तहानच असते. थांबूनही भूक राहिली व साधे वरण खावेसे वाटले, तर ती खरी भूक. तिला नाकारू नये.

आता खाण्याचे. पहिले सुमारे दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढचे दोन आठवडे वाटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न असा क्रम असतो. दिवस थोडे पुढेमागे होतात, ते आपल्या डॉक्टरांनी सांगतील तसे. नेहमीचे अन्न सुरू झाले म्हणजे ताटातला क्रम बदलायचा. आपण भाकरीने सुरुवात करतो आणि डाळ लावून खातो. इथे आधी डाळ, उसळ, अंडे, मासा, दही किंवा पनीर, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर. कारण असे की दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात आणि गव्हाणीत जागा वाटीभर. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास, पेलाभर दुधातही तेवढीच. म्हणजे हिशेब करून खावे लागते. त्यात जागा भाकरीने अडवली तर डाळीच्या गाड्या बाहेरच उभ्या. प्रथिने पोटात असली की भूकही उशिरा लागते. खान्देशाची उडदाची डाळ आणि मठ-मटकीची उसळ या कामी उत्तम. कळण्याची भाकरीसुद्धा, थोडीच असली तरी, नुसत्या पोळीपेक्षा बरी. भरीत मऊ असते म्हणून चालेल असे वाटते, पण त्यावर तरंगणारे तेल आवरावे.

जेवताना पाणी नको. अर्धा तास आधी थांबवावे व जेवणानंतर अर्ध्या तासाने सुरू करावे. घास लहान, वीस-पंचवीस वेळा चावून, आणि जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावीत. बैलगाडी जुंपून ठेवली आहे असे समजून जेवणाऱ्यांसाठी हा सर्वांत अवघड भाग. पोट भरल्याची पहिली खूण दिसताच हात धुवावा. पुढचा एक घास म्हणजे ओकारी.

काही पदार्थ मात्र या लहान गव्हाणीलाही चकवून जातात. चहात बुडवलेली खारी, शेव, फरसाण, कुल्फी, लस्सी हे झरझर खाली उतरतात, पोट भरत नाही आणि वजन मात्र परत चढू लागते.

आता साखरेबद्दल लिहिणे भाग आहे, जरी ते साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहायचे असले तरी. बायपास झालेल्या माणसाने आखाजीला आमरस आणि खापरावरचे मांडे मनसोक्त खाल्ले, तर पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते, जुलाब होतात. साखर एकदम आतड्यात उतरल्याचा हा परिणाम. याहून फसवा प्रकार एक ते तीन तासांनी होतो. शरीराने घाईने जास्त इन्सुलिन सोडलेले असते, त्यामुळे रक्तातली साखर खाली जाते, हातपाय कापतात आणि सपाटून भूक लागते. माणूस पुन्हा गोड खातो, पुन्हा तेच चक्र. ती भूक अन्न कमी पडल्याची नसते, आधीच्या गोडाची असते. असे वारंवार होत असेल तर रसवंतीचा पेला, गूळ, पेढा यांपासून लांब राहावे, जेवणात प्रथिने वाढवावी आणि डॉक्टरांना कळवावे. मधुमेह्यांनी तर गोळ्या व इन्सुलिनचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर लगेच डॉक्टरांकडून बदलून घ्यावे. जुनेच प्रमाण चालू ठेवले तर साखर धोक्याइतकी उतरते.

रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाणाऱ्या सभासदाने खिशात मूठभर फुटाणे व सोबत पाण्याची बाटली ठेवावी. उपाशीपोटी बांधावर बसू नये. पहिल्या वर्षात निर्जळी उपवास नकोत, आणि साबुदाण्याचा उपवास हा काही उपवासच नव्हे. दारू थोडी घेतली तरी फार लवकर व फार चढते, आणि खाण्याची जागा पिण्याने घेतल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. अंग दुखते म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी बायपासनंतर जठराच्या जोडावर व्रण करू शकते, तीही विचारूनच.

दुसऱ्यांनीही थोडे समजून घ्यावे. पंगतीत आग्रह हा आपला मान. 'माझ्या हातचा एक घास' असे मावशी म्हणाली तर नाही म्हणणे जड जाते. तरी शस्त्रक्रिया झालेल्या पाहुण्याला ताटात दोन चमचे वाढून गप्पा माराव्यात, त्याचा मान तेवढ्याने भागतो. घरातल्या सुनेने किंवा मुलीने शस्त्रक्रिया करून घेतली असेल तर 'काही खातच नाही' असे चारचौघांत बोलू नये. तिने दीड वर्षापर्यंत दिवस राहू देऊ नयेत, असाही वैद्यकीय सल्ला असतो. पाळण्याची घाई घरच्यांनी आवरावी.

शस्त्रक्रिया म्हणजे जादू नव्हे. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना विमानाने मुंबईत आणले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे ५०० किलो सांगितले जात होते. मार्चमध्ये स्लीव्ह झाली, वजन बरेच उतरले, पुढे त्यांना अबुधाबीला हलविले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तेथे त्यांचे निधन झाले. फार उशिरा, अनेक व्याधी घेऊन आलेले ते प्रकरण होते.

उतारा घटल्याची भरपाई गोळ्यांनी करावी लागते. बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व या गोळ्या जन्मभराच्या आहेत, वजन उतरले म्हणून बंद करायच्या नाहीत. तीन ते सहा महिन्यांत केस गळू लागतात, ते बहुधा पुन्हा येतात. पण गळती लांबली तर प्रथिने व लोह तपासून घ्यावे. ओकाऱ्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर घरगुती काढे करीत न बसता दवाखाना गाठावा, कारण बी-१ जीवनसत्त्व संपून नसांना इजा होते. पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी व पुढे वर्षातून एकदा रक्त तपासावे. त्यासाठी दर खेपेला मुंबई गाठण्याची गरज नाही. नमुना चोपड्यात किंवा जळगावला देऊन अहवाल आपल्या सर्जनकडे पाठविता येतो. विमा असेल तर त्याच्या अटी शस्त्रक्रियेच्या आधी वाचाव्यात, नंतर नव्हे.