नंबर कितवा? : कॉलेजांच्या क्रमवाऱ्या आणि खानदेशातली मुले

जून महिन्यात खानदेशात दोन कामांची घाई असते. शेतात कपाशीची लागवड आणि घरात कॉलेजचे फॉर्म. दोन्हींत वर्षाचा पैसा अडकतो आणि दोन्हींत ऐनवेळी मिळणारा सल्ला बहुधा विकणाऱ्याचाच असतो. बियाण्याच्या पाकिटावर जशी भरघोस बोंडे छापलेली असतात, तशी कॉलेजच्या माहितीपत्रकावर ‘देशात अमुकावा क्रमांक’, ‘नॅक ए प्लस’ अशी अक्षरे असतात. गेली काही वर्षे जळगाव, अमळनेर, धुळे या भागांतले ओळखीचे पालक ही माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे येतात. मी प्राध्यापक नाही, कुठल्या कॉलेजशी माझा संबंध नाही. सरकारी अहवाल आणि तक्ते वाचत बसण्याची सवय आहे, एवढीच माझी पात्रता. धुळ्याकडची एक आई मला म्हणाली, “मनी पोरले कोठे टाकू, भाऊ? नंबरवालं कॉलेज पुण्याले शे.” हा प्रश्न एकट्या तिचा नाही. म्हणून तो नंबर येतो कुठून आणि त्याला किती मान द्यायचा, हे जरा तपशिलात पाहू.

नावाचा प्रश्न जुनाच

१९४५ च्या सुमारास जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप ही महाविद्यालये उभी राहिली. त्याआधी खानदेशातल्या मुलाला पदवी घ्यायची तर नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. ज्याच्या घरी ऐपत तोच जाई. ही कॉलेजे आधी मुंबई विद्यापीठाखाली होती, पुढे पुणे विद्यापीठाखाली आली आणि १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्या वेळी मी विशीत होतो. ‘आता प्रमाणपत्रावर पुण्याचं नाव येणार नाही’ ही हळहळ आमच्या गल्लीत मी ऐकली आहे. वर्ग तेच होते, शिक्षक तेच होते, ग्रंथालय तेच होते. बदलले होते ते प्रमाणपत्रावरचे नाव. तरी लोकांना काहीतरी हरवल्यासारखे वाटले. २०१८ साली या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते तिचे नाव आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या मुलांच्या पदवीवर असते.

नावाला किंमत असते हे मी नाकारत नाही. पण नाव आणि शिक्षण या दोन वस्तू आहेत, हे १९९० ने आपल्याला स्पष्ट दाखवले होते.

क्रमांक कसा तयार होतो

आपल्याकडची सरकारी क्रमवारी म्हणजे एनआयआरएफ. तिची पहिली यादी २०१६ साली आली. विद्यापीठे आणि अभियांत्रिकी संस्थांसाठी तिचे शंभर गुण असे वाटलेले आहेत : अध्यापन व साधनसामग्री ३०, संशोधन ३०, विद्यार्थ्यांची निष्पत्ती २०, समावेशकता १० आणि लोकमानसातली प्रतिमा १०. साध्या पदवी महाविद्यालयांसाठी वाटणी थोडी वेगळी आहे. तिथे अध्यापनाला जास्त आणि संशोधनाला कमी वजन आहे.

आता एकेक खाना उघडून पाहू. संशोधनाचे गुण मुख्यतः स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींत नोंदलेल्या लेखांवरून ठरतात. मराठी नियतकालिकातला लेख या मोजणीत जवळपास येतच नाही. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथल्या दप्तरांवर आयुष्य घालवणाऱ्या माणसाने कॉलेजच्या खात्यात यातून एक गुणही पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. शिवाय संशोधनाचे गुण कितीही असले, तरी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलीला प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने टायट्रेशन करायला मिळेल की चौघींत एक ब्युरेट असेल, हे त्यावरून कळत नाही.

प्रतिमेचे गुण प्राध्यापक आणि नोकरी देणाऱ्या कंपन्या यांना विचारून दिले जातात. दिल्लीतल्या प्राध्यापकाला अमळनेर किंवा दोंडाईचा ठाऊक असण्याचे कारण नाही. ज्याचे नाव आधीच मोठे त्याला इथे पुन्हा गुण मिळतात.

आणि समावेशकतेच्या खान्यात तर आपल्यासाठी मोठा विनोद आहे. त्यातल्या शंभरांपैकी तीस गुण ‘प्रादेशिक विविधते’चे आहेत : पंचवीस परराज्यातल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणानुसार, पाच परदेशी विद्यार्थ्यांच्या. यावल, चोपडा, पारोळा, साक्री इथल्या खेड्यापाड्यांतली मुले शिकवणाऱ्या कॉलेजला या तीसपैकी शून्य. म्हणजे एकूण शंभरांतले तीन गुण तिथेच गेले. ज्या कामासाठी ते कॉलेज काढले, तेच काम इथे वजाबाकीत जाते. याच खान्यात मुलींचे प्रमाण आणि गरीब विद्यार्थ्यांची शुल्कमाफी यांनाही गुण आहेत, हे मान्य करायला हवे. पण वरच्या थोड्या संस्था सोडल्या तर पुढच्या संस्थांचे गुण दाटीवाटीने असतात, आणि त्या गर्दीत तीन गुणांनी नंबर बराच खाली-वर होतो.

आणखी एक गोष्ट. देशात चाळीस हजारांहून अधिक महाविद्यालये आहेत आणि एनआयआरएफकडे अर्ज करतात ती काही हजार. यादीत नाव नाही याचा अर्थ अनेकदा ‘नापास’ नसून ‘परीक्षेला बसलेच नाही’ असा असतो. खानदेशातूनही यादीत संस्था येतात, शिरपूरचे आर. सी. पटेल फार्मसी महाविद्यालय औषधनिर्माणशास्त्राच्या यादीत आलेले आहे.

नॅकची श्रेणी

पालक नॅक आणि एनआयआरएफ यांची गल्लत करतात. नॅकची श्रेणी म्हणजे पहिला वर्ग, दुसरा वर्ग. एनआयआरएफ म्हणजे पहिला नंबर, दुसरा नंबर. १९९४ साली स्थापन झालेली नॅक संस्थेला चारपैकी गुण देते. ३.५१ च्या पुढे ए डबल प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए, अशी उतरंड. माहितीपत्रकावर श्रेणी पाहिली की ती कोणत्या वर्षीची हेही पाहावे, कारण तिला मुदत असते.

दोन्ही पद्धतींचा पाया संस्थेने स्वतः भरून दिलेली माहिती हा आहे, आणि इथेच मोह होतो. २०२५ च्या फेब्रुवारीत आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या पाहणी समितीतल्या सदस्यांना सीबीआयने अटक केली. हे आपल्याकडेच होते असेही नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ एका प्रसिद्ध क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर होते. तिथल्याच मायकेल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकांनी २०२२ साली विद्यापीठाने पुरवलेले आकडे तपासून त्यांतल्या विसंगती जाहीर केल्या. त्याच वर्षीच्या नव्या यादीत कोलंबिया अठराव्या स्थानावर गेले. सहा महिन्यांत तिथले शिक्षण सोळा पायऱ्या उतरले नव्हते. उतरला होता तो नंबर.

मग नाव कोणाला उपयोगी पडते?

एवढे वाचून ‘नंबर म्हणजे थोतांड’ असे कोणी म्हणेल, तर तेही बरोबर नाही. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांचा २००२ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. नामांकित कॉलेजांत प्रवेश मिळत असूनही साध्या कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची कमाई, नामांकितांत गेलेल्यांच्या तोडीचीच निघाली. हुशारी मुलाची होती, कॉलेजची नव्हती. पण त्याच अभ्यासात एक अपवाद आहे : गरीब घरच्या मुलांना नामांकित कॉलेजचा खरा फायदा झाला. ज्याच्या घरात ओळखीपाळखी आहेत त्याचे नावावाचून अडत नाही. ज्याच्या घरात पहिलीच पदवी येणार आहे, त्याला मोठ्या कॉलेजातले सोबती, पुढच्या वर्गातली मुले आणि दारात येणाऱ्या कंपन्या हे सगळे नव्याने मिळते.

अभ्यास अमेरिकेतला आहे, पण खानदेशातली कितीतरी मुले याच अपवादात बसतात. म्हणून पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय किंवा आयसीटी, एखादी आयआयटी यांचे दार उघडले असेल, तर मी पालकांना सांगतो : पाठवा, शिष्यवृत्तीची सोय आपण बघू. शिखरावरच्या थोड्या संस्थांपुरता नंबर काहीतरी सांगतो. त्याखाली, साठावे की एकशेसाठावे या वादात, तो जवळजवळ काहीच सांगत नाही. आणि आपल्याकडचे बहुतेक वाद तिथलेच असतात. पुण्याजवळच्या एखाद्या खासगी कॉलेजचा मधला नंबर एका बाजूला, आणि जळगावचे १९९६ पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय दुसऱ्या बाजूला.

या मधल्या पट्ट्यात पैशाचा हिशेब आधी करावा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅप फेरीतून हवा. खासगी अभिमत विद्यापीठ, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ किंवा व्यवस्थापन कोटा असेल तर ही माफी नाही. ‘वरच्या नंबरचे’ म्हणून अभिमत विद्यापीठ निवडले की चार वर्षांचे शुल्क अंगावर येते, आणि अनेक घरांत त्याचा अर्थ शेत गहाण टाकणे असा होतो. शुल्क माफ झाले तरी पुण्यातली कॉट बेसिसची खोली आणि मेसचा डबा माफ होत नाही. पैसा तिसऱ्या वर्षी संपला, तर शिक्षण आधी मुलीचे थांबते. अर्धवट सुटलेल्या पदवीला नंबर नसतो.

क्रमांक सोडा, तक्ता वाचा

एनआयआरएफची खरी उपयोगी वस्तू क्रमांकाच्या मागे आहे. यादीसाठी अर्ज करणाऱ्या संस्थेने भरलेला तक्ता तिच्या संकेतस्थळावर ठेवलेला असतो. तो मोबाइलवर उघडतो आणि त्यातले मोजके आकडे पुरेसे असतात.

पहिला : मुदतीत किती मुले उत्तीर्ण झाली. दुसरा : त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली आणि किती पुढे शिकायला गेले. तिसरा : मध्यक पगार, म्हणजे नोकरी लागलेल्यांना पगारानुसार रांगेत उभे केले तर मधल्याचा पगार. हा आकडा एकटा कधीही वाचू नये. समजा, एका कॉलेजात १२० पैकी २० जणांना नोकरी लागली आणि मध्यक सहा लाख आहे. दुसऱ्यात १२० पैकी ७० जणांना लागली आणि मध्यक साडेतीन लाख आहे. माहितीपत्रकावर पहिले कॉलेज उठून दिसेल. पण तुमचे मूल त्या वीसांत असेल की उरलेल्या शंभरांत, हे कोण सांगणार? चौथा : ग्रंथालय आणि प्रयोगशाळेवर त्या वर्षी झालेला खर्च. पाचवा : शिक्षकांची यादी. तुमच्या विषयाचे कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे कॉलेजात जाऊन विचारावे. विद्यापीठ तेच असेल, तर स्वायत्त नसलेल्या संलग्न कॉलेजांचा अभ्यासक्रम आणि पदवी सारखीच असते. फरक पडतो तो या माणसांनी आणि या खोल्यांनी.

कागद वाचून झाला की सत्र चालू असताना एखाद्या मंगळवारी-बुधवारी न सांगता कॉलेजात जाऊन यावे. प्रयोगशाळेला कुलूप आहे का, ग्रंथालयात मुले बसलेली आहेत का, तास होतो आहे का, हे दारातूनच दिसते. तिसऱ्या वर्षाची मुले चहाच्या टपरीवर जे सांगतात ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये कळत नाही. मुलगी अप-डाउन करणार असेल, तर शेवटचा तास संपल्यावर गावाकडे जाणारी एसटी किती वाजता आहे, तेही त्याच दिवशी पाहून घ्यावे. ती बस नसेल तर मुलीचे शेवटचे दोन तास रोज बुडणार, आणि घरून कधी ना कधी ‘आता पुरे’ असे ऐकू येणार. कुठल्याही क्रमवारीत हा खाना नाही. तो प्रत्येक घराने आपला आपण भरायचा असतो.