बहिष्कृतांचे ऋण

इ.स. 140च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे बंदरातला मार्सियन नावाचा जहाजमालक रोमला आला आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीला त्याने 2,00,000 सेस्टर्स नाणी अर्पण केली. 144 साली मंडळीने त्याला बहिष्कृत केले आणि त्याची सगळी रक्कम परत केली. पैसा परत करता आला; त्याने उभा केलेला प्रश्न मात्र परत करता आला नाही. यहुदी ग्रंथांतला न्यायी, सृष्टिकर्ता देव वेगळा आणि येशूचा दयाळू पिता वेगळा, असे तो शिकवत होता. म्हणून त्याने जुना करार सोडला. काटछाट केलेले लूकचे शुभवर्तमान आणि पौलाची 10 पत्रे तेवढी ठेवली. ख्रिस्ती धर्मग्रंथांची आपल्याला माहीत असलेली ही पहिली ठरीव यादी. चर्चने ज्यांना पाखंडी ठरवले, त्यांनीच चर्चला आपली श्रद्धा नेमक्या शब्दांत मांडायला लावली, असे मला वाटते.

यावर रास्त आक्षेप असा की शुभवर्तमाने मार्सियनमुळे आली नाहीत. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो की रविवारच्या सभेत प्रेषितांच्या आठवणी वाचल्या जात. हे खरेच आहे. पण ग्रंथ वाचणे वेगळे आणि ‘एवढेच, याहून कमी नाही, जास्त नाही’ असे ठरवणे वेगळे. ते ठरवण्याची निकड वादातून आली. 180च्या सुमारास लियोंचा बिशप इरेनियस याने पाखंडांविरुद्ध पाच खंड लिहिले. शुभवर्तमाने चारच, आणि यहुदी ग्रंथही आपलेच, असे त्यात ठामपणे मांडले. नव्या कराराच्या 27 पुस्तकांची आजची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या पत्रात दिसते, ती 367 साली.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार: ही सारी हकीगत विजेत्यांनी लिहिलेली, मग तिच्यावर विश्वास का ठेवावा? सावधपणे ठेवावा, पण ठेवावा. सेल्सस या ख्रिस्ती धर्माच्या ग्रीक टीकाकाराचा ग्रंथ नष्ट झाला. ख्रिस्ती विद्वान ओरिजेनने 248च्या सुमारास त्याला उत्तर देताना उतारेच्या उतारे दिले, म्हणून लोकर पिंजणारे आणि चांभार घरोघरी धर्म शिकवतात हा त्याचा तिरस्कार आजही वाचता येतो. 1945 साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ 13 हस्तलिखिते सापडली. त्यांतल्या योहानाच्या गुप्तग्रंथाशी इरेनियसने केलेले पाखंड्यांच्या शिकवणीचे एक वर्णन बरेच जुळते; म्हणजे ते त्याने मनाने रचलेले नव्हते. शिवाय सीमारेषाही स्थिर नव्हती. मार्सियनविरुद्ध पाच खंड लिहिणारा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन स्वतःच मोंटानसच्या, चर्चने पाखंडी ठरवलेल्या पंथाकडे वळला. ओरिजेनला त्याच्या मृत्यूनंतर तीन शतकांनी, 553 साली, दोषी ठरवले गेले.

म्हणून पाखंडी बरोबर होते असे नाही. मार्सियनचे ऐकले असते, तर येशू ज्या यहुदी मातीत वाढला तिच्यापासून तो तुटला असता. इथे इरेनियसचाच निवाडा योग्य. पण विरोधकाला कचरा समजणाऱ्याला हा इतिहास कळणार नाही. ख्रिस्ती सभागृहाच्या सर्वांत जुन्या तारीखयुक्त शिलालेखांपैकी एक दमास्कसच्या दक्षिणेस लेबाबा गावात सापडला. साल 318-319; आणि ते सभागृह मार्सियनच्या अनुयायांचे होते.