पाण्याखालचा कॅमेरा आणि बाहेरचा दिवा

समुद्रात खोलवर काढलेली बरीचशी छायाचित्रे निळसर का दिसतात, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. ‘पाणी निळे असते म्हणून’ हे उत्तर अपुरे आहे. खरे कारण असे की, पाणी सर्व रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात शोषत नाही.

सुमारे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शुद्ध पाण्यातून एक मीटर गेला, की त्याचा सुमारे ७० टक्के भाग उरतो. दुसऱ्या मीटरनंतर त्या ७० चे ७० टक्के, म्हणजे ४९ टक्के. अशा रीतीने दहा मीटरनंतर जेमतेम ३ टक्के तांबडा प्रकाश शिल्लक राहतो. निळा प्रकाश मात्र तेवढ्याच अंतरानंतर ९० टक्क्यांच्या आसपास टिकून असतो. भूमितीय श्रेढी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

रंगांचा हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ आपल्यातील सूक्ष्म शैवाल गमावतात व पांढरे पडू लागतात. हा बदल सुरुवातीलाच ओळखायचा तर त्यांच्या रंगाची खात्रीची नोंद हवी. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर, समुद्रात बुडालेले ‘आंग्रिया बँक’ हे पठार आहे. तेथील प्रवाळ सुमारे २० मीटर खोलीपासून आढळतात. वरून येणाऱ्या तांबड्या प्रकाशाचा तेथे हजारात जेमतेम एक भाग पोहोचतो. अशा प्रकाशात काढलेल्या छायाचित्रावरून निरोगी आणि फिकट पडू लागलेला प्रवाळ यांतला फरक कसा ठरवणार? त्यासाठी प्रकाश आपल्याबरोबर न्यावा लागतो. दिवा प्रवाळापासून अर्धा मीटर आणि भिंगही अर्धा मीटर असेल, तर प्रकाशाचा पाण्यातील एकूण प्रवास एकच मीटर होतो आणि ७० टक्के तांबडा प्रकाश हाती लागतो.

दिवा बाहेर कशासाठी?

कॅमेऱ्यात फ्लॅश असतोच, मग वेगळा दिवा का, हा पुढचा प्रश्न. धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते, हे आपण पाहिले आहे. पाण्यातही वाळूचे कण आणि सूक्ष्म जीव तरंगत असतात. भिंगाशेजारचा फ्लॅश त्यांना नेमका समोरून उजळतो आणि छायाचित्रभर पांढरे ठिपके उमटतात. कोकण किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात तर हा त्रास फारच होतो. म्हणून स्ट्रोब नावाचा स्वतंत्र फ्लॅश लांब दांडीवर बसवून बाजूने प्रकाश टाकतात.

आता अडचण अशी, की कॅमेरा जलरोधक पेटीत बंद आणि दिवा बाहेर पाण्यात. कॅमेऱ्याचे झडप उघडे असते ते कित्येकदा सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतकेच, म्हणजे ५ मिलिसेकंद. स्ट्रोबचा लखलखाट त्याहूनही अल्प काळ टिकतो. तो नेमका त्या अवधीत व्हायला हवा. मग आतला निरोप बाहेर पोहोचवायचा कसा?

हा प्रश्न जुनाच आहे. १९२६ साली अमेरिकेतील फ्लॉरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगास बेटांपाशी डब्ल्यू. एच. लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. त्यांनी पाण्यावर तराफा तरंगत ठेवून त्यावर मॅग्नेशियमची भुकटी ठेवली होती. झडप उघडताच विद्युतमंडल पूर्ण होऊन भुकटी पेटे. एकदा ती अवेळी पेटली आणि लाँगली भाजले. दिवा आणि झडप यांची वेळ जुळणे किती मोलाचे आहे, हे यावरून कळते.

पहिला मार्ग : तार

आज यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला विद्युत तारेचा. झडप पूर्ण उघडले की कॅमेरा दोन स्पर्शबिंदू जोडतो. तो संकेत पेटीच्या भिंतीतील जोडणीतून तारेने स्ट्रोबकडे जातो. स्ट्रोबमधील धारित्रात साठवलेली ऊर्जा झेनॉन वायूच्या नळीतून क्षणार्धात वाहते आणि लखलखाट होतो.

हा मार्ग भरवशाचा आहे. पण त्यासाठी पेटीला छिद्र पाडावे लागते. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एक वातावरण वाढतो. ३० मीटरवर पेटीवर बाहेरून तीन वातावरणांचा जादा दाब असतो. तो थोपवते एक रबरी कडी, म्हणजेच ओ-रिंग. कुकरच्या रिंगसारखे तिचे काम असते, फरक इतकाच की येथे दाब बाहेरून असतो. या कडीखाली एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला, तरी पाणी आत शिरते. खारे पाणी विजेचे वाहक असल्यामुळे जोडणीत थेंबभर शिरले तरी स्पर्शबिंदू आपोआप जोडले जातात किंवा गंजतात. म्हणून कडी स्वच्छ पुसून तिला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात देतात. तसेच कोरडी राहणारी जोडणी पाण्याखाली कधीही सोडू नये.

दुसरा मार्ग : प्रकाशतंतू

दुसरा मार्ग अधिक सोपा. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश पेटीच्या पारदर्शक भागामागे लखलखतो. त्यासमोर बाहेरून प्लॅस्टिकच्या प्रकाशतंतूचे एक टोक बसवतात. दुसरे टोक स्ट्रोबवरील प्रकाशसंवेदकासमोर असते. पूर्ण आंतरिक परावर्तनाने प्रकाश तंतूतून धावतो आणि संवेदक स्ट्रोब पेटवतो. पेटीला छिद्र नाही, पाण्यात तार नाही. एक मीटर तंतू पार करण्यास प्रकाशाला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. झडप उघडे असण्याच्या काळाचा हा दशलक्षावा भाग. त्यामुळे उशीर होण्याची भीती नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. छोट्या फ्लॅशचा प्रकाश थेट पाण्यात जाऊ नये म्हणून तो काळ्या पडद्याने झाकतात. नाही तर पांढरे ठिपके पुन्हा आलेच. दुसरे असे, की अनेक डिजिटल कॅमेरे उजेडाचा अंदाज घेण्यासाठी मुख्य लखलखाटापूर्वी एक छोटा लखलखाट करतात. स्ट्रोब त्यालाच फसला, तर झडप उघडेपर्यंत त्याची ऊर्जा संपलेली असते आणि छायाचित्र काळे येते. पहिला लखलखाट सोडून देण्याची सोय स्ट्रोबवर असल्यास ती आधी लावून घ्यावी.

दिवा रोखतानाही भान हवे. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्याने सपाट काचेतून एक मीटरवरचा मासा पाऊण मीटरवर भासतो. दिसतो तेथे दिवा रोखला, तर प्रकाशझोत माशाच्या अलीकडेच पडतो. म्हणून झोत भासणाऱ्या जागेच्या किंचित मागे रोखतात.

वर्गात करून पाहा

काचेच्या चौकोनी भांड्यात पाणी भरून दुधाचे दोन-चार थेंब घाला. पलीकडच्या काचेला लागून आत एक रंगीत खडा ठेवा. खोलीत अंधार करा. प्रथम विजेरी डोळ्यांशेजारी धरून खडा पाहा, नंतर ती बाजूच्या काचेतून खड्यावर रोखा. दोन्ही वेळी काय दिसले, ते विद्यार्थ्यांना वहीत लिहू द्यावे. पाणी तेच, विजेरी तीच. बदलली ती फक्त दिव्याची जागा. मग स्ट्रोबला लांब दांडी का लागते, याचे उत्तर विद्यार्थी स्वतःच देतील.