कोळशातला वायू (लेखांक ७) : सात मिनिटांचा हिशेब

कोळशाच्या थरात टनामागे किती घनमीटर मिथेन आहे, हे अहवालात दशांशासह छापलेले असते. त्यामुळे तो आकडा काट्यावर तोलून घेतल्यासारखा वाटतो. तसा तो नसतो. १९७० मध्ये बर्तार आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी मांडलेली, पुढे अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने रुळवलेली पद्धत तीन आकड्यांची बेरीज करते. बोअरमधून काढलेला कोळशाचा गाभा हवाबंद डब्यात ठेवल्यावर सुटतो तो वायू एक, कोळसा दळल्यावर निघतो तो उरलासुरला दुसरा. हे दोन्ही मोजलेले असतात. तिसरा म्हणजे गाभा कापल्यापासून झाकण लागेपर्यंत उडून गेलेला. तो कोणीच मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो. खरी गोम तिथेच आहे.

गणित वरवर सोपे आहे. सुरुवातीला सुटलेला वायू वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून नोंदींची रेघ मागे शून्य मिनिटापर्यंत ओढायची. समजा, किलोभर गाभा कापल्यानंतर सोळाव्या मिनिटाला डबा बंद झाला. पंचविसाव्या मिनिटापर्यंत डब्यात ०.६ लिटर वायू जमला, छत्तिसाव्यापर्यंत १.२. रेघ मागे नेली की हरवलेला वायू २.४ लिटर येतो. आता ड्रिलरने वहीत कापण्याची वेळ न लिहिता, सात मिनिटांनी गाभा नळीतून बाहेर आला ती वेळ लिहिली, तर त्याच नोंदींतून उत्तर येते जेमतेम दीड लिटर. डब्यातले ५ आणि दळून निघालेले २ लिटर धरले, तर टनामागे ९.४ घनमीटरच्या जागी ८.५ छापले जातात. ऑस्ट्रेलियात १९९४ साली वेस्ट क्लिफ खाणीत वायूच्या उसळीने कोळसा फुटून बळी गेला. त्यानंतर तिथल्या बुली नावाच्या कोळसाथरात, वायू ठरावीक मर्यादेखाली आल्याशिवाय बोगदा पुढे न्यायचा नाही, असा दंडक आला. मिथेनपुरती ती मर्यादा साधारण ९ होती. म्हणजे वहीतल्या एका नोंदीवर काम थांबणार की चालू राहणार, हे ठरू शकते.

थर जागोजागी बदलतो, मग एका डब्याच्या अचूकतेचे एवढे काय, असा आक्षेप घेतला जातो. चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडल्या असत्या तर तो मान्य करता आला असता. हवेच्या दाबाची दुरुस्ती चुकली तर आकडा वर किंवा खाली कुठेही जाईल, हे खरे. पण झाकण गळले, डबा थराच्या तापमानापेक्षा थंड राहिला, गाभा वर यायला वेळ लागून रेघ वाकू लागली, तर प्रत्येक वेळी आकडा कमीच येतो. असे शंभर नमुने घेतले तरी सरासरी कमीच राहणार.

आपल्याकडे खाणींची वायूनुसार प्रतवारी असतेच, हा दुसरा आक्षेप. उत्पादनाच्या टनामागे १ ते १० घनमीटर मिथेन सुटला तर दुसरी श्रेणी, त्याहून जास्त असेल तर तिसरी. पण हा आकडा खाणीच्या हवेत आलेल्या वायूचा आहे, त्यात शेजारच्या थरांतून झिरपलेलाही धरला जातो. न कापलेल्या कोळशात पुढे काय दडले आहे, ते त्यातून कळत नाही.

म्हणून अहवालात बेरीज एकटी छापू नये. हरवलेला वायू वेगळा दाखवावा, शेजारी मिनिटे द्यावीत. तो एकूण वायूच्या पंचमांशाहून जास्त असेल, तर मी तो नमुना बाद धरीन आणि गाभा पुन्हा काढायला सांगेन. वरच्या उदाहरणातला ९.४ चा नमुनाही त्यात बाद होतो. पुढच्या आठवड्यात, काम सुरू होण्याआधीच बोअर मारून थरातला वायू कसा काढून घेतात, ते पाहू.