फुलदाणीचा कर्ता कोण?

जुन्या पेढीवाल्या घरांतील काचेच्या कपाटात एखादी रंगीत फुलदाणी पुष्कळदा आढळते. हिरव्या वा किरमिजी काचेवर मीनाकामाची उठावदार फुले, पाने, पक्षी आणि काठाला सोनेरी रेघ. वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी कोणीतरी ‘ही मोझरची’ असे म्हणतो आणि त्या एका शब्दाने तिचे मोल कितीतरी वाढते. हा शब्द कोणत्या पुराव्यावर उच्चारला गेला, हे म्हणूनच पाहिले पाहिजे.

लुडविग मोझर यांनी १८५७ साली बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, कार्लोव्ही व्हारी येथे व्यवसाय आरंभिला. काच तयार करण्याचा स्वतःचा कारखाना मात्र त्यांनी १८९३ मध्ये उभारला. तोपर्यंत कोरी भांडी इतर कारखान्यांतून येत. बोहेमियात काच एकाची, नक्षी दुसऱ्याची आणि विक्री तिसऱ्याची ही रीत सर्रास होती. शिवाय मोझरच्या नावावर खपलेल्या कित्येक वस्तू पुढे अभ्यासान्ती हाराख या त्याहून जुन्या कारखान्याच्या ठरल्या आहेत.

तपासणी तळापासून सुरू करावी. भिंगातून पाहता कित्येकदा नाव नसते. मीन्याने लिहिलेला एखादा बारीक अंक तेवढा दिसतो. तो बहुधा नमुन्याचा क्रमांक असतो. असे अंक अनेक कारखाने घालीत. म्हणून केवळ अंकावरून निर्णय देऊ नये. आकार, अंक आणि नक्षी ही तिन्ही कारखान्याच्या नमुनावहीतील चित्राशी किंवा संग्रहालयातील खात्रीच्या वस्तूशी जुळली, तरच नाव पक्के धरावे. जर्मनीतील पासाउ येथील काचसंग्रहालयात बोहेमियन काचेचा फार मोठा संग्रह आहे.

देशाच्या नावाचा शिक्काही काळ सांगतो. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असे असेल तर वस्तू १९१८ नंतरची, कारण ते राष्ट्रच त्या वर्षी जन्मले. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे १८९१ पासून सक्तीचे झाले. परंतु शिक्का नाही म्हणून वस्तू त्याआधीची, असे अनुमान काढू नये; इतरत्र जाणाऱ्या मालाला तो नियम नव्हता.

नोटा तपासण्याचा अतिनील दिवा दुकानात असतोच. त्याखाली काच तेजस्वी हिरवी चमकली, तर तिच्यात युरेनियम असण्याचा संभव असतो. पण तशी काच अनेकांनी केली आणि आजही होते. दिवा द्रव्य सांगतो, कर्ता सांगत नाही. तळाची झीज मात्र बोलकी असते. वर्षानुवर्षांच्या वापराचे ओरखडे बारीक आणि सर्व दिशांना गेलेले असतात. एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेघा दिसल्या, तर पॉलिशकागदाची शंका घ्यावी. नावाची सहीसुद्धा मागाहून कोरता येते.

बँकेत तारणाची कागदपत्रे पाहताना आम्ही मालकी, वर्णन आणि मूल्य ही तीन वेगळी प्रकरणे मानीत असू. येथेही तेच करावे. पावतीवर वा वाटणीपत्रात ‘बोहेमिया, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, कारखाना अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. ‘मोझर’ लिहून एका भावाच्या वाट्यात अधिक रक्कम धरली आणि उद्या ते नाव टिकले नाही, तर तुटणारी वस्तू केवळ काचेची राहत नाही.